आल्मेरियाचा सुतार

स्पेन देशाच्या दक्षिण भागास आंदालुसिया असे नाव आहे. कडक ऊन, उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी निळाभोर भूमध्य समुद्र, असा हा प्रदेश. तेथील लोक गाण्याचे आणि नृत्याचे मोठे शौकीन. दिवसभर राबून आलेला कष्टकरी रात्री गिटार घेऊन बसला, की शेजारपाजारची माणसे भोवती जमत आणि टाळ्यांच्या ठेक्यावर गाणे रंगे. याच प्रांतात आल्मेरिया नावाचे एक जुने बंदर आहे. बंदरालगतच्या ला कान्यादा दे सान उर्बानो या खेड्यात 13 जून 1817 रोजी आंतोनियो दे तोरेस याचा जन्म झाला. त्याचे वडील हुआन तोरेस हे कर वसूल करण्याच्या कामावर होते. मुलाच्या हाती काहीतरी कसब असावे म्हणून वयाच्या बाराव्या वर्षी आंतोनियोला सुताराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्यात आले.

ज्या वयात मुले खेळण्याबागडण्यात दंग असतात, त्या वयात आंतोनियोच्या हाती रंधा आणि पटाशी आली. लाकूड कोणत्या दिशेने तासावे, त्याचे रेषे कसे ओळखावेत, ओले लाकूड आणि मुरलेले लाकूड यांत भेद कसा करावा, सरस किती दाट शिजवावा, या गोष्टी पुस्तकात वाचून येत नाहीत. त्या हाताने करून आणि चुकूनच येतात. पुढे जगभर ज्याच्या हातांची कीर्ती झाली, त्याचे हात असे खुर्च्यामेजांवर आणि दाराखिडक्यांवर तयार झाले.

परंतु हे दिवस सुखाचे नव्हते. 1833 साली स्पेनचा राजा सातवा फर्डिनांड मरण पावला आणि गादी कोणाची, या वादातून देशात यादवी युद्ध पेटले. तरुण मुलांना सक्तीने सैन्यात धरून नेऊ लागले. आंतोनियोच्या नावानेही बोलावणे आले. वडिलांनी खटपटी करून तो प्रकृतीने सैन्यास योग्य नाही असे ठरवून घेतले आणि त्याची सुटका केली. तरीही धास्ती गेली नव्हती. विवाहित पुरुषांना त्या वेळी भरतीतून सूट असे. म्हणून 1835 साली घरच्यांनी घाईघाईने त्याचे लग्न उरकले. नवरा अठरा वर्षांचा आणि वधू हुआना मारिया अवघी तेरा वर्षांची! युद्धाच्या भयाने माणसे काय काय करतात याचे हे एक उदाहरण होय.

लग्नाबरोबर संसाराचा भार आला. तीन मुली झाल्या. त्यांपैकी दोघी लहानपणीच दगावल्या. सुतारकीत मिळणारा पैसा पुरेना. कर्ज झाले. एक कर्ज फेडावे तोच दुसरे उभे राही. अशातच हुआनाला क्षयाची बाधा झाली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. 1845 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तीही त्याला सोडून गेली. तोरेस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. दोन मुली गेल्या, पत्नी गेली आणि डोक्यावर देणे उरले.

तोरेस आपले गाव सोडून सेव्हिल या मोठ्या शहरी आला. तेथे सेराहेरिया नावाच्या रस्त्यावर गिटार बनवणाऱ्या कारागिरांची दुकाने होती. लाकूडकाम अंगात मुरलेले असल्याने त्याने हेही काम लवकरच आत्मसात केले. काही वर्षे तो अधूनमधून गिटारी बनवीत राहिला. त्या वेळी कोणास वाटलेही नसेल, की हा कर्जबाजारी सुतार या वाद्याचे रूपच पालटून टाकणार आहे.

त्या काळची गिटार कशी होती हे कळल्याशिवाय तोरेसचे काम कळावयाचे नाही. आज आपण जी गिटार पाहतो, तिच्याहून ती आकाराने लहान होती. तिची कूस अरुंद होती आणि आवाज कोमल, परंतु क्षीण होता. घरातल्या दिवाणखान्यात चारदोन माणसांपुढे ती गोड वाटे. पण युरोपात तेव्हा मोठमोठी संगीतगृहे उभी राहत होती. पियानोला लोखंडी चौकट मिळून त्याचा नाद घुमू लागला होता. अशा सभागृहात गिटार घेऊन बसलेल्या वादकाची स्थिती मोठी केविलवाणी होई. पहिल्या दोन रांगांना ऐकू येई, मागच्यांना केवळ त्याची बोटे हलताना दिसत. बरेचसे संगीतज्ञ तर गिटारीला गंभीर वाद्य म्हणावयासही तयार नव्हते. गाण्याला साथ करण्यापुरते, खानावळीत वाजवण्यापुरते ते वाद्य ठीक आहे, असेच त्यांचे मत होते.

हे शल्य ज्याच्या मनात रात्रंदिवस सलत होते, असा एक तरुण वादक तोरेसला भेटला. त्याचे नाव हुलियान आर्कास. तो तोरेसहून पंधरा वर्षांनी लहान. परंतु आल्मेरिया प्रांताचाच, म्हणजे एका परीने गाववालाच होता. आर्कासची बोटे तयार होती. मैफली गाजवण्याची उमेद होती. मात्र मनात जो नाद घुमत होता, तो देणारे वाद्य त्याच्यापाशी नव्हते. वाद्यात काय हवे ते आर्कासला कळत होते, पण लाकडाचे काम त्याच्या हाताबाहेरचे होते. तोरेसच्या हाती कसब होते. परंतु भरलेल्या सभागृहात वादकाला नेमके काय कमी पडते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. या दोघांची गाठ पडली हे गिटारीचे भाग्य म्हटले पाहिजे. आर्कासच्या सल्ल्यावरून 1850 नंतरच्या वर्षांत तोरेसने इतर कामे बाजूला सारली आणि गिटार बनवणे हाच आपला व्यवसाय केला. आर्कासने वाजवून पाहावे, उणे दाखवावे आणि तोरेसने त्यावर विचार करावा, असा क्रम सुरू झाला.

तोरेसने प्रथम एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. गिटारीत नाद उत्पन्न होतो तो कोठून? नुसती तार दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली, तर फारच बारीक आवाज येतो, हे तुम्ही करून पाहू शकता. तार बारीक असल्यामुळे तिच्या कंपनाने हवा फारशी हलत नाही. तीच तार लाकडाच्या रुंद व पातळ फळीवर बसवलेल्या घोडीवरून नेली, म्हणजे तारेचे कंपन घोडीतून फळीत उतरते. फळी थरथरू लागते आणि तिच्याबरोबर पुष्कळशी हवा हलते. सतारीच्या व तंबोऱ्याच्या भोपळ्यावर अशीच लाकडी फळी बसवतात. तिला आपले कारागीर तबली म्हणतात. गिटारीच्या पुढच्या फळीसही येथे तबलीच म्हटले आहे. तोरेसने मनाशी ठरवले, की गिटारीचा प्राण या तबलीत आहे. पाठ आणि बाजू या तिला आधार देणाऱ्या आहेत.

आता अडचण येथेच होती. तबली जितकी पातळ आणि हलकी, तितकी ती चटकन थरथरेल आणि आवाज मोठा होईल. पण तारांचा ताण काही थोडाथोडका नसतो. आजच्या गिटारीच्या सहा नायलॉनच्या तारा एकूण सुमारे चाळीस किलो वजनाइतक्या जोराने घोडीला ओढत असतात. एवढा ओढा रात्रंदिवस सोसावयाचा, तर तबली जाड हवी. ती जाड केली, की मुकी होते. पातळ केली, तर काही दिवसांत वाकते किंवा तडकते. जुने कारागीर आवाज गमावून मजबुती पत्करीत. तोरेसला दोन्ही हवे होते.

त्यासाठी त्याने तीन गोष्टी केल्या. गिटारीचा आकार वाढवून त्याने तबलीला अधिक विस्तार दिला. तारेची मोकळी लांबी त्याने सुमारे 65 सेंटिमीटर ठेवली. आजही अभिजात संगीताच्या गिटारीचे हेच माप सर्वत्र रूढ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे त्याने तबली अगदी पातळ, सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची तासली आणि ती सपाट न ठेवता आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी तिला किंचितसा फुगवटा दिला. हा फुगवटा इतका थोडा असतो, की सहज पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. परंतु कमानीच्या अंगी सपाट फळीपेक्षा अधिक बळ असते. दगडी पुलांच्या कमानी शतकानुशतके भार झेलीत उभ्या असतात, त्या याच कारणाने. तिसरी गोष्ट आतली, म्हणून डोळ्यांना न दिसणारी. तबलीच्या पोटाशी त्याने सात बारीक पट्ट्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरून सरसाने चिकटवल्या. या पट्ट्या हव्या तशा लावलेल्या नव्हत्या. दोन समद्विभुज त्रिकोण पायाशी जोडले, म्हणजे पतंगासारखी आकृती होते. त्या आकृतीच्या आधाराने प्रत्येक पट्टीची दिशा त्याने भूमितीने आखून काढली होती. पंख्यासारख्या पट्ट्या लावण्याची युक्ती स्पेनमध्ये त्याच्यापूर्वीही काही कारागिरांनी योजिली होती. ती तोरेसने शोधून काढली असे म्हणणे खरे होणार नाही. मात्र तिला प्रमाणबद्ध आणि निश्चित रूप दिले ते त्यानेच. पट्ट्यांनी बळ दिले आणि भार मात्र वाढू दिला नाही. तबली पातळच राहिली आणि ताण सोसू लागली.

1856 साली त्याच्या हातून एक गिटार उतरली. पाठ आणि बाजू सायप्रसच्या हलक्या लाकडाच्या, तबली स्प्रूस या थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्षाच्या लाकडाची. नादरंध्राच्या आत धातूच्या पत्र्याचे एक नळकांडे बसवले होते. ही गिटार छेडली, तेव्हा तिचा आवाज असा भरदार उमटला, की तिला ‘ला लेओना’ म्हणजे सिंहीण असे नाव पडले. तिच्यावर सजावट फारशी नव्हती. आर्कास ती मैफलींत वाजवू लागला आणि ऐकणारे या वाद्याचा कारागीर कोण म्हणून विचारू लागले.

दोनच वर्षांनी, 1858 साली, सेव्हिलमध्ये प्रदर्शन भरले. तेथे तोरेसने लाकडी नक्षीकामाने मढवलेली एक गिटार मांडली. तिला कांस्यपदक मिळाले. आता श्रीमंत लोकही त्याच्याकडे येऊ लागले. तोरेसच्या गिटारी ठरावीक साच्यातून काढलेल्या नसत. घेणारा कोण, तो काय वाजवतो, त्याची ऐपत किती, हे पाहून तो वाद्य योजी. कोणाला शिसवाच्या जातीचे मोलाचे लाकूड आणि नादरंध्राभोवती रंगीत लाकडी तुकड्यांची नाजूक वेलबुट्टी हवी असे. एखाद्या गरीब वादकाला आंदालुसियात सहज मिळणाऱ्या सायप्रसची साधी गिटार परवडे. चांगले लाकूड हाती नसले, तर तो लहान लहान तुकडे जोडूनही तबली करी. सजावट किमतीप्रमाणे कमीअधिक होई. तबली तासण्यात मात्र तो हयगय करीत नसे. म्हणूनच त्याच्या काही अगदी साध्या दिसणाऱ्या गिटारींचीही आज तज्ज्ञ वाखाणणी करतात.

असे असले, तरी शंका घेणारे होतेच. उत्तम आवाज हा महागड्या लाकडाचा गुण आहे, पाठ आणि बाजू जितक्या मोलाच्या तितका नाद चांगला, अशी अनेकांची समजूत होती. वाद घालत बसणे हा तोरेसचा पिंड नव्हता. 1862 साली त्याने एक विलक्षण गिटार तयार केली. तिची तबली नेहमीप्रमाणे लाकडाची, काळजीपूर्वक तासलेली होती. पण पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या! ज्या पुठ्ठ्याच्या आपण पेट्या करतो, त्याचे वाद्य करावे ही कल्पनाही कोणाला हसू आणील. परंतु ती गिटार वाजली, आणि चांगली वाजली. नाद तबलीतून येतो हे तोरेसचे म्हणणे सर्वांना कानांनी ऐकावयास मिळाले. शाळेच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवावयाच्या आणि काय होते ते पाहावयाचे, अशी रीत शिकवतात. सुताराच्या दुकानात वाढलेल्या या माणसाला ती कोणी शिकवली नव्हती.

1868 साली तोरेसने होसेफा मार्तिन रोसादो या स्त्रीशी दुसरा विवाह केला. पुढच्याच वर्षी त्याच्या दुकानात सतरा वर्षांचा एक मुलगा आला. त्याचे नाव फ्रान्सिस्को तारेगा. घरची गरिबी, लहानपणच्या एका अपघाताने डोळे अधू झालेले. पण बोटांत जादू होती. आर्कासची गिटार ज्याने बनवली, त्याच्याच हातची गिटार आपल्याला हवी, या ध्यासाने तो बार्सिलोनाहून एवढा लांबचा प्रवास करून आला होता. बरोबर त्याचा एक धनिक चाहता होता. तोरेसने मुलाकडे पाहिले आणि दुकानात तयार असलेली एक साधीशी गिटार त्याच्यापुढे ठेवली. सतरा वर्षांच्या पोराला याहून अधिक काय लागणार, असेच त्याला वाटले असावे. तारेगा वाजवू लागला. थोडा वेळ ऐकल्यावर तोरेसने ती गिटार परत घेतली, आत जाऊन दुसरी आणली आणि त्याच्या हाती दिली. ही 1864 साली त्याने स्वतःसाठी बनवलेली होती आणि विकावयाची म्हणून ठेवलेली नव्हती. तारेगा पुढे स्पेनचा सर्वश्रेष्ठ गिटारवादक व रचनाकार झाला. अनेक वर्षे तो हीच गिटार वाजवीत होता. आपल्या आवडीचे वाद्य दुसऱ्याच्या हाती देताना कारागिराला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

कीर्ती मिळाली, पदक मिळाले, मोठमोठे वादक दारी आले. इतके होऊनही तोरेसच्या घरी लक्ष्मीने काही वस्ती केली नाही. एक गिटार पुरी होण्यास फार दिवस लागत. लाकूड आधी विकत घेऊन मुरत ठेवावे लागे आणि पैसा हाती येई तो गिऱ्हाईक आले तर. अखेर 1870 च्या सुमारास त्याने सेव्हिलमधील दुकान बंद केले. ज्या बोटांनी ला लेओना घडवली, ती बोटे आता आल्मेरियात चिनी मातीच्या बशा आणि काचेचे पेले फडक्याने पुसू लागली. नवराबायकोने तेथे काचसामानाचे दुकान थाटले होते. देशातील पहिल्या प्रतीचा कारागीर पोटासाठी कपबशा विकतो आहे, हे चित्र काही सुखाचे नाही. पण तोरेसने त्याची लाज वाटून घेतली नाही. संसार चालवावयाचा होता आणि दुकानाने तो चालवला.

पाच वर्षे अशी गेली. 1875 च्या सुमारास दुकानातून सवड सापडेल तेव्हा त्याने पुन्हा रंधा हाती घेतला. या काळात बनवलेल्या गिटारींच्या आत तो जी चिठ्ठी चिकटवी, तीवर ‘दुसरा काळ’ अशा अर्थाचे शब्द तो लिहीत असे आणि गिटारीचा क्रमांकही घालीत असे. 1883 साली होसेफाचे निधन झाले. तोरेस आता सहासष्ट वर्षांचा होता. या वयात माणसे काम आटोपते घेतात. याने उलट ते वाढवले. पुढील नऊ वर्षे तो वर्षाला सुमारे बारा गिटारी या गतीने काम करीत राहिला. महिन्याला एक, आणि तीही एकट्याच्या हातची! शरीर थकत चालले होते. त्याच्या ओळखीचे एक धर्मोपदेशक होते, हुआन मार्तिनेस सिर्वेंत. ते त्याच्या घरी येत आणि त्याला कामात मदत करीत.

याच सिर्वेंत यांनी पुष्कळ वर्षांनंतर एक आठवण लिहून ठेवली. एकदा जेवणाच्या वेळी गोष्टी निघाल्या असता, आपल्या विद्येचे रहस्य तोरेसने जगासाठी मागे ठेवावे, अशी विनंती त्याला करण्यात आली. त्यावर तोरेसने सांगितले, की ते ठेवण्याची इच्छा असली तरी ठेवता येण्याजोगे नाही. ते आपल्याबरोबरच जाणार. तबली तासताना तो ती अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत धरून चाचपीत असे. अजून थोडे काढावे, की येथेच थांबावे, हे त्या दोन बोटांच्या टोकांतून त्याच्या बुद्धीला कळे. आता हे कोणाच्या स्वाधीन कसे करावे? सांगण्यात टाळाटाळ नव्हती. झाड तेच असले, तरी त्याच्या दोन फळ्या सारख्या नसतात. एक ताठ असते, दुसरी लवचीक असते. म्हणून एका फळीसाठी ठरवलेली जाडी दुसरीला लावता येत नाही.

19 नोव्हेंबर 1892 रोजी आल्मेरिया येथे तोरेसचे निधन झाले. तो पंचाहत्तर वर्षांचा होता.

त्यानंतर तीनच महिन्यांनी आंदालुसियातच आन्द्रेस सेगोव्हिया याचा जन्म झाला. लहान खोलीत कोंडलेल्या गिटारीला त्याने जगातील मोठमोठ्या संगीतगृहांत मानाचे स्थान मिळवून दिले. सेगोव्हियाच्या हाती जी वाद्ये होती, ती तोरेसच्याच पद्धतीची होती. 1912 साली माद्रिदच्या मानुएल रामिरेस यांच्या कारखान्यात बनलेली गिटार त्याने प्रथम वाजवली. पुढे हेर्मान हाउझर या जर्मन कारागिराने 1937 साली घडवलेली गिटार घेऊन तो देशोदेशी हिंडला. या हाउझरने आधी निराळ्या घडणीच्या गिटारी बनवल्या होत्या. तारेगाचा शिष्य मिगेल योबेत हा 1859 सालची तोरेसची गिटार वाजवीत असे. ती पाहिल्यावर हाउझरने आपली पद्धतच बदलली. पाहता पाहता तोरेसचा आकार, तोरेसचे माप आणि तोरेसच्या पट्ट्या यांवर सर्व देशांतील कारागीर काम करू लागले. आज दुकानात नायलॉनच्या तारांची साधी गिटार मिळते, तिच्या आत नादरंध्रातून आरसा घालून पाहिले, तर बहुधा पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्याच दिसतात.

तोरेसचे चरित्र मात्र बरीच वर्षे अंधारात होते. ते उजेडात आणले होसे लुइस रोमानियोस या स्पॅनिश कारागिराने. तो स्वतः सुतारकी शिकून गिटार घडवण्याकडे वळलेला. जुनी दप्तरे चाळून आणि तोरेसच्या हाती लागतील तेवढ्या गिटारींची मापे घेऊन त्याने 1987 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तोरेसने आयुष्यात तीनशेहून अधिक गिटारी बनवल्या असाव्यात, असा अंदाज आहे. त्यांपैकी शंभराच्या आसपास ठाऊक आहेत. काही संग्रहालयांत काचेआड आहेत. काही मात्र दीडशे वर्षे उलटली तरी वादकांच्या हाती असून मैफलींत वाजतात. 1862 सालची पुठ्ठ्याची गिटार बार्सिलोना येथील संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. समोरून पाहिली, तर ती तोरेसच्या इतर गिटारींसारखीच दिसते. पाठीमागे जाऊन पाहावे, तेव्हा पुठ्ठा दिसतो.